कवचधारी प्राण्यांतील नरत्वाचें मूळ

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

शेतकऱ्याच्या दावणीला बांधलेला बैल आणि गांवांतून मोकळा हिंडणारा पोळ हे एकाच जातीचे. पुष्कळदां तर एकाच गाईच्या पोटचे. तरी दोघांच्या अंगलटींत आणि स्वभावांत केवढा फरक ! पोळाची मान जाड, वशिंड उंच, नजर रागीट. बैल त्या मानानें सडपातळ आणि शांत. हा फरक कशानें पडतो तें सांगावयास शास्त्रज्ञ नको. लहानपणीं खच्ची केलेल्या गोऱ्ह्याच्या अंगीं पोळाचीं लक्षणें येत नाहींत, हें आपल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

शास्त्रज्ञांना त्याचें कारण मात्र बऱ्याच उशिरां सांपडलें. जर्मनींतील गटिंगेन येथें बर्टोल्ड नांवाच्या प्राध्यापकानें १८४९ सालीं कोंबड्यांवर कांहीं प्रयोग केले. वृषणें काढून टाकलेल्या कोंबड्यांचे तुरे खुरटले. त्यांचें आरवणें आणि झुंजणें बंद पडलें. परंतु काढलेलें वृषण पोटांतच निराळ्या जागीं बसविलें, तेव्हां मात्र कोंबडा पूर्ववत् तुरेबाज राहिला. वृषणाचा मज्जातंतूंशीं असलेला जुना संबंध तर तुटला होता. तरीहि परिणाम घडला. त्या अर्थीं वृषणांतून कांहीं तरी द्रव्य रक्तांत उतरत असलें पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. रक्तावाटे दूरवर जाऊन काम करणाऱ्या अशा द्रव्याला आज आपण संप्रेरक किंवा हॉर्मोन म्हणतों.

मी शाळेंत शास्त्र शिकवीत असतांना हा धडा मोठ्या उत्साहानें सांगत असें, आणि शेवटीं फळ्यावर एक वाक्य लिहीत असें : 'प्राण्याच्या अंगीं नरत्व येतें तें वृषणामुळें.' मुलें तें वहींत उतरवून घेत, आणि परीक्षेंत तेंच लिहून गुण मिळवीत. तें वाक्य अपुरें होतें, हें मला बऱ्याच वर्षांनीं कळलें; आणि एका विद्यार्थ्यानें तें मला वेळींच दाखवून दिलें असतांना मीं त्याचें ऐकलें नाहीं. म्हणून आजच्या भाषणासाठीं हा विषय निवडला आहे. विषय नर-मादीचा असला तरी तो सृष्टिशास्त्राचा आहे. घरांतील लहानथोरांनीं एकत्र बसून ऐकण्यास त्यांत संकोचाचें कांहीं नाहीं.

कोंकणांतील एका खाडीकांठच्या शाळेंत मी नव्यानें रुजू झालों होतों. वरील वाक्य फळ्यावर लिहिल्याच्या दुसऱ्याच दिवशीं एका कोळ्याचा मुलगा फडक्यांत गुंडाळून एक समुद्री खेकडा घेऊन वर्गांत आला. खेकड्यांतील नर-मादी ओळखण्याची खूण आपल्यापैकीं मासळीबाजारांत जाणाऱ्यांना माहीत असेलच. खेकडा उलटा केला म्हणजे त्याच्या पोटाशीं दुमडून बसलेला एक पट्टा दिसतो. नराचा पट्टा अरुंद व टोंकदार असतो. मादीचा रुंद व गोलसर असतो, कारण तिला त्याखालीं आपलीं अंडीं सांभाळावयाचीं असतात. मुलानें आणलेल्या खेकड्याचा पट्टा रुंद होता, आणि त्याखालीं पिवळट रंगाची एक मऊ पिशवी होती. मी म्हणालों, "ही अंड्यांवर आलेली मादी आहे." मुलगा म्हणाला, "नाहीं गुरुजी. नांग्या बघा, लांब आणि निळ्या आहेत. हा नरच आहे. आणि अंडीं असलीं तर दाणा लागतो. याला दाणा नाहीं." मीं हात लावून पाहिलें नाहीं. नराच्या पोटाखालीं अंडीं असणें शक्य नाहीं, पट्टा रुंद आहे, तेव्हां ही मादीच, असें सांगून मीं त्याला खालीं बसविलें. पुन्हां त्यानें वर्गांत कधीं कांहीं आणलें नाहीं.

त्या खेकड्याचें खरें स्वरूप काय होतें, तें आतां सांगतों. मुलानें जी पिशवी दाखविली ती अंड्यांची नव्हती. ती सॅक्युलिना किंवा तिच्याच कुळांतील एका परोपजीवी प्राण्याची होती. नवल असें कीं, हा प्राणीहि कवचधारीच. समुद्रांतील खडकांना चिकटून राहणाऱ्या शंकूसारख्या टणक बार्नेकल प्राण्यांचा हा भाऊबंद आहे. त्याचें सूक्ष्म पिल्लूं पोहत पोहत खेकड्याला चिकटतें व त्याच्या शरीरांत शिरकाव करून घेतें. आंत गेल्यावर झाडाच्या मुळांसारखे त्याचे तंतु खेकड्याच्या सर्व शरीरभर पसरतात, आणि पुढें मादी जेथें अंडीं धरते नेमक्या त्याच जागीं त्याची पिशवी बाहेर पडते. खेकडा जिवंत राहतो, हिंडतो, खातो. परंतु तो वांझ होतो. नर असला तर पुढच्या काती टाकतांना त्याचा पोटाचा पट्टा मादीसारखा रुंद होत जातो. इतकेंच नव्हे, तर ती परकी पिशवी आपलींच अंडीं आहेत अशा रीतीनें तो तिची निगा राखतो, तिला ताजें पाणी घालतो. नराला मादीचें नुसतें रूपच नव्हे, तर मादीचें वागणेंहि येतें.

हा प्रकार पाश्चात्य शास्त्रज्ञांच्या दृष्टीस पूर्वींच पडला होता. फ्रान्समधील आल्फ्रेद जियार यांनीं १८८७ सालीं त्याला 'परोपजीवीकृत खच्चीकरण' अशा अर्थाचें नांव दिलें. इंग्लंडमधील जॉफ्री स्मिथ या तरुण संशोधकानें इटलींतील नेपल्स येथें या विषयाचा कसून अभ्यास करून १९०६ सालीं मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. रोगमुक्त झालेल्या कांहीं नर खेकड्यांच्या वृषणांत शुक्रजंतूंबरोबर चक्क अंडींहि तयार होतात, असें त्याला आढळलें. परोपजीवी प्राणी खेकड्याच्या शरीराची पोषणक्रिया मादीच्या वळणावर नेतो, अशी त्याची उपपत्ति होती. पहिल्या महायुद्धांत १९१६ सालीं हा बुद्धिमान मनुष्य रणांगणावर पडला, आणि त्यानें उभा केलेला प्रश्न तसाच राहिला.

प्रश्न इतकीं वर्षें तसाच राहण्याला आणखी एक कारण होतें. खेकडे व कीटक हे दूरचे नातलग. दोघांनाहि सांध्यांचे पाय आणि बाहेरून टणक कवच. कीटकांवर मात्र बर्टोल्डचा प्रयोग फसला होता. ऊडेमान्स नांवाच्या डच शास्त्रज्ञानें १८९९ सालीं पतंगांच्या अळ्यांचीं जननेंद्रियें काढून टाकलीं. तरी त्या अळ्यांपासून निघालेले नर पतंग रूपानें अगदीं नरासारखेच निघाले. कीटकाच्या शरीरांतील प्रत्येक पेशी आपापलें लिंग आपणच ठरविते, असें त्यावरून दिसूं लागलें. तेव्हां कवचधारी प्राण्यांतहि लिंगाचें संप्रेरक नसावें, असा पुष्कळांचा समज झाला. म्हणजे एका बाजूला कोंबड्याचा दाखला, दुसऱ्या बाजूला पतंगाचा. आणि मध्यें खेकडा, दोहोंपैकीं कोणत्याच सांच्यांत न बसणारा.

हें कोडें सुटलें तें खेकड्यावरून नव्हे, तर एका अगदीं क्षुद्र जिवावरून. युरोपच्या किनाऱ्यावर भरतीनें आणून टाकलेल्या शेवाळाच्या ढिगाखालीं ऑर्किस्टिया नांवाचे उड्या मारणारे लहान कवचधारी प्राणी राहतात. लांबी जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर. नराच्या पायांची एक जोडी मोठ्या पंजासारखी फुगीर असते, आणि तिनें तो मादीला धरून ठेवतो. मादीची तीच जोडी लहान असते. फ्रान्समधील एलेन शार्निओ-कोतों या विदुषीनें या प्राण्यांवर शस्त्रक्रिया करण्यास सुरुवात केली. दीड सेंटिमीटरच्या जिवावर शस्त्रक्रिया करून त्याला जगवावयाचें, हें काम किती नाजुक असेल याची कल्पना श्रोत्यांनींच करावी. नुसतीं वृषणें काढलीं तरी नराचा पंजा कायम राहतो, असें दिसून आलें. बैलाला आणि कोंबड्याला लागू पडणारा नियम येथें लागू पडेना.

मग नरत्व कोठून येत होतें ? वृषणांतून शुक्रजंतु बाहेर नेणारी जी नळी असते, तिच्या शेवटाला चिकटलेला पेशींचा एक इवलासा पुंजका शार्निओ-कोतों यांना आढळला. त्याला स्वतःची वाहिनी नव्हती. म्हणजे त्याचा स्राव बाहेर न पडतां रक्तांतच मिसळत असला पाहिजे. हा पुंजका काढून टाकल्यावर नराची शुक्रजंतु बनविण्याची क्रिया मंदावत जाऊन थांबली, आणि नरलक्षणांची नवी वाढ होईनाशी झाली. मग त्यांनीं तोच पुंजका मादीच्या शरीरांत बसविला. पुढच्या काही काती टाकतां टाकतां त्या मादीचे लहान पाय नरासारखे फुगीर पंजे बनले, आणि तिच्या अंडाशयाचें रूपांतर वृषणांत झालें. १९५४ सालीं पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या वृत्तांतांत हा शोध प्रसिद्ध झाला. या पुंजक्याला शास्त्रज्ञ अँड्रोजेनिक ग्रंथि म्हणतात. आपण तिला नरग्रंथि म्हणूं या. अमेरिकेंतील निळ्या खेकड्याच्या शुक्रवाहिनीजवळ अशा पेशी असल्याचें क्रोनिन यांनीं १९४७ सालींच नमूद केलें होतें. परंतु त्या पेशींचें कार्य काय, हें त्या वेळीं कळलें नव्हतें.

या शोधाचें मर्म नीट लक्षांत घेण्यासारखें आहे. आपल्या शरीरांत, बैलाच्या शरीरांत, कोंबड्याच्या शरीरांत वृषणाकडे दोन कामें असतात : शुक्रजंतु निर्माण करणें आणि नरत्वाचें संप्रेरक स्रवणें. दोन्ही कामें एकाच घरांत चालत असल्यामुळें तीं दोन आहेत हें सहज ध्यानांत येत नाहीं. खेकडे, कोळंब्या, शेवंडी आणि त्यांचे जवळचे आप्त यांच्यांत हीं दोन कामें निसर्गानें दोन निराळ्या अवयवांना वांटून दिलीं आहेत. वृषण शुक्रजंतु बनवितें. नरग्रंथि संप्रेरक बनविते. वृषणालाहि वृषण म्हणून टिकून राहावयाचें तर या ग्रंथीचाच आधार लागतो. ग्रंथीची जागा जातीजातींत थोडी बदलते. कोळंबी व खेकडा यांच्यांत ती शुक्रवाहिनीच्या शेवटाशीं, पांचव्या पायांच्या मुळाजवळ असते. परोपजीवी प्राण्यानें पछाडलेल्या खेकड्यांत हीच ग्रंथि झिजून जाते, असेंहि पुढें दिसून आलें. स्मिथनें नेपल्सला पाहिलेल्या चमत्काराचा धागा असा अर्ध्या शतकानें हातीं लागला.

मादीच्या शरीरांत ही ग्रंथि वाढीस लागत नाहीं. ग्रंथि नसेल तर शरीर आपोआप मादीच्या वाटेनें जातें. ग्रंथि असेल तर तें नराच्या वाटेला वळतें. याचा अर्थ मादीला स्वतःचें कांहींच संप्रेरक नसतें असा मात्र नव्हे. अमेरिकेंतील त्याच निळ्या खेकड्यावर काम करणाऱ्या संशोधकांनीं २०१४ सालीं मादीचें एक संप्रेरक प्रसिद्ध केलें. तें डोळ्याच्या देठांत तयार होतें, आणि अंडीं सांभाळण्यासाठीं लागणारे मादीचे अवयव नीट घडावयास तें हवें असतें.

डोळ्याच्या देठाचा उल्लेख आला, तेव्हां त्याविषयीं दोन शब्द सांगतों. खेकड्याचे डोळे कसे देठांवर बसविलेले असतात हें आपण पाहिलें असेल. त्या देठांत नुसती दृष्टीची सोय नसते. अनेक संप्रेरकांचें तें कोठार असतें. त्यांतील कांहीं संप्रेरकें नरग्रंथीला आवरून धरतात. डोळ्याचे देठ काढून टाकले कीं हा लगाम सुटतो आणि नरग्रंथि फुगते. म्हणजे देठांतील ग्रंथि नरग्रंथीवर अंमल चालविते आणि नरग्रंथि वृषणावर. आपल्या मेंदूच्या बुडाशीं असलेली पिट्युइटरी ग्रंथि जशी इतर ग्रंथींवर देखरेख करिते, तशीच ही उतरंड आहे. आणखी एक गोष्ट अशी कीं, संप्रेरकानें हुकूम दिला तरी टणक कवचांतल्या प्राण्याचें बाह्यरूप तत्काळ बदलूं शकत नाहीं. जुनें कवच टाकून नवें धारण करितांनाच तें बदलतें. म्हणून हे सारे बदल एकेका कातीगणिक पायरीपायरीनें दिसतात.

आतां हें द्रव्य आहे तरी काय ? बैलाचें आणि माणसाचें नरत्वाचें संप्रेरक, टेस्टोस्टेरॉन, हें कोलेस्टेरॉलपासून बनणारें द्रव्य आहे. खेकड्यांचेंहि तसेंच असेल असा अदमास होता. परंतु तो चुकला. ग्रंथि इतकी लहान कीं, तिच्यांतून तपासणीपुरतें द्रव्य गोळा करणें हेंच मोठें कष्टाचें काम होतें. शेवटीं १९९९ सालीं जपानमधील व फ्रान्समधील संशोधकांनीं स्वतंत्रपणें त्याची रचना उलगडली. त्यासाठीं त्यांनीं घेतलेला प्राणी आपण बागेंत पाहतों त्यांच्याच वर्गांतला होता : ओलसर जागीं कुंडी उचलली कीं खालीं सांपडणारा, बोट लावतांच अंग गुंडाळून गोळी होणारा राखी रंगाचा किडा. तोहि कीटक नव्हे. जमिनीवर राहावयास आलेला कवचधारीच आहे. त्याचें नरसंप्रेरक हें प्रथिन निघालें, आणि त्याची घडण आपल्या ओळखीच्या एका प्रथिनाशीं जुळली. तें म्हणजे इन्शुलिन.

मधुमेहाचा रोगी ज्या घरांत आहे त्या घरांत इन्शुलिनची ओळख करून द्यावयास नको. इन्शुलिनच्या रेणूंत दोन सांखळ्या असतात. माणसाच्या इन्शुलिनमध्यें एकींत २१ व दुसरींत ३० अमिनो आम्लें ओवलेलीं असतात, आणि गंधकाच्या दुव्यांनीं त्या एकमेकींना बांधलेल्या असतात. त्या किड्याच्या नरसंप्रेरकांतहि अशाच दोन सांखळ्या आहेत. एक २९ ची आणि दुसरी ४४ ची. शिवाय तिला साखरेचा एक गुच्छ जोडलेला. इन्शुलिनप्रमाणेंच तेंहि आधीं एका लांब सांखळीच्या रूपानें तयार होतें आणि मग मधला तुकडा कापला जातो. २००७ सालीं इस्राएलमधील संशोधकांना ऑस्ट्रेलियांतील एका गोड्या पाण्यांतील शेवंडींत याच घराण्यांतील संप्रेरक सांपडलें, आणि पुढें अनेक कोळंब्या व खेकडे यांच्यांत तें आढळलें. एकाच मूळ सांच्यांतून निसर्गानें आपल्या शरीरांत साखरेची व्यवस्था पाहणारा कारभारी घडविला, आणि खेकड्याच्या शरीरांत नरत्वाची व्यवस्था पाहणारा. खेकड्याच्या नरत्वाचें सोयरें आपल्या स्वादुपिंडांत सांपडावें, हें पूर्वीं कोणाच्या स्वप्नांतहि आलें नसतें.

त्या गोळी होणाऱ्या किड्याची आणखी एक गोष्ट ऐकण्याजोगी आहे. त्यांतील कांहींच्या पेशींत वॉल्बाकिया नांवाचे सूक्ष्म जंतु राहतात. हे जंतु अंड्यांतून, म्हणजे फक्त आईकडून, पुढच्या पिढींत जातात. नराचा त्यांना वंशविस्तारासाठीं कांहीं उपयोग नाहीं. म्हणून जन्मतः नराचीं गुणसूत्रें असलेल्या पिलांतहि ते नरग्रंथीची वाढ होऊं देत नाहींत, आणि असें पिल्लूं अंडीं घालणारी पुरी मादी होतें. फ्रान्समधील प्वातिए येथील संशोधकांनीं या विषयावर अनेक वर्षें काम केलें आहे. २०१६ सालीं त्यांनीं असें दाखवून दिलें कीं, या जंतूच्या जनुकद्रव्याचा एक मोठा भाग कांहीं किड्यांच्या स्वतःच्या गुणसूत्रांत जाऊन बसला आहे, आणि जंतु नसतांनाहि तो मादी घडविण्याचें काम करितो. पाहुणा म्हणून आलेल्यानें घरांत कायमचें ठाण मांडावें, तसा हा प्रकार.

येथपर्यंत ऐकून एखादे गृहस्थ म्हणतील, "हें सारें ठीक; पण याचा व्यवहारांत उपयोग काय ?" उपयोग आहे, आणि तो ताटांत दिसतो. भारतापासून आग्नेय आशियापर्यंतच्या नद्यांत एक फार मोठी कोळंबी होते; तिचा नर वाढला तर फूटभर लांब होतो. आपल्याकडील निर्यातीच्या व्यापारांत तिला स्कॅम्पी म्हणतात. ही राहते गोड्या पाण्यांत, परंतु तिच्या पिलांना पहिले दिवस मचूळ पाणी लागतें. हें रहस्य शाओ-वेन लिंग यांना १९६१ सालीं मलायांत उमगलें, आणि तेव्हांपासून तिची तळ्यांत शेती करणें शक्य झालें. या कोळंबींत नर मादीपेक्षां पुष्कळ मोठा होतो, कारण मादीची बरीच शक्ति अंड्यांत खर्च होते. तेव्हां तळें नुसत्या नरांचें असावें, असें शेतकऱ्याला वाटणें साहजिक आहे. परंतु हजारों लहान कोळंब्या हातांत धरून त्यांतील नर वेगळे काढावयाचे म्हणजे केवढें जिकिरीचें काम !

येथें नरग्रंथि उपयोगी पडली. १९८० सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं याच कोळंबीच्या कोवळ्या नरांची नरग्रंथि काढून टाकली, तेव्हां त्यांचा कल मादीकडे गेला. पुढें इस्राएलमधील अमीर सागी व त्यांचे सहकारी यांनीं अशा नरांपासून बनलेल्या माद्यांची संतति घेऊन पाहिली; ती सारी नर निघाली. त्याचें गणित सोपें आहे. माणसांत पुरुषाजवळ दोन भिन्न गुणसूत्रें असतात आणि स्त्रीजवळ दोन सारखीं. या कोळंबींत उलट आहे. दोन सारखीं गुणसूत्रें नराजवळ, आणि दोन भिन्न मादीजवळ. नराची मादी बनविली तरी तिचीं गुणसूत्रें नराचींच राहतात. अशी मादी आणि साधा नर यांच्या पिलांना मादीचें गुणसूत्र मिळणार कोठून ? दोघांजवळहि तें नाहीं. म्हणून सारे पुत्रच !

पण प्रत्येक पिल्लाच्या अंगांतून डोळ्यांना दिसेल न दिसेल एवढी ग्रंथि कापून काढणें मोठ्या प्रमाणावर जमण्यासारखें नव्हतें. म्हणून त्याच इस्राएली संशोधकांनीं ग्रंथीला हात न लावतां तिचा संदेशच अडविला. पेशींत जनुकाचा निरोप आर्. एन्. ए. नांवाच्या द्रव्यावाटे जातो. त्या निरोपाशीं जुळणारें आर्. एन्. ए. कोळंबीला टोचलें, म्हणजे पेशी तो निरोपच नष्ट करून टाकते आणि संप्रेरक तयार होत नाहीं. २०१२ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, योग्य वयांत दिलेल्या टोचण्यांनीं नराची अंडीं घालणारी मादी बनते. यांत कोळंबीच्या जनुकांत कायमचा फेरफार होत नाहीं. टोचलेलें द्रव्य कांहीं काळानें विरून जातें, आणि खाण्यासाठीं विकली जाते ती तिची संतति, जिला टोचणी मुळीं मिळालेलीच नाहीं. पुढें त्यांनीं याच्या उलट, ग्रंथीच्या पेशी मादीला टोचून तिचा नर बनविण्याचा मार्गहि काढला, आणि त्यावाटे सारी संतति मादीचीच मिळविण्याची युक्ति साधली. माद्या आकारानें सारख्या वाढतात आणि आपसांत कमी भांडतात, म्हणून दाट वस्तीच्या तळ्यांना त्या सोयीच्या.

श्रोते हो, आतां फळ्यावरच्या माझ्या वाक्याकडे वळतों. 'प्राण्याच्या अंगीं नरत्व येतें तें वृषणामुळें,' हें वाक्य बैलापुरतें आणि कोंबड्यापुरतें खरें होतें. मीं तें साऱ्या प्राणिसृष्टीच्या नांवावर लिहून ठेविलें, ही माझी चूक. पतंगांत तें खरें नाहीं, खेकड्यांत तें खरें नाहीं. आणि खेकड्यांत तें खरें नाहीं हें मीं शिक्षक होण्याच्या कितीतरी वर्षें आधीं पॅरिसला प्रसिद्ध झालें होतें. तें माझ्या वाचण्यांत आलें नव्हतें, ही गोष्ट एक वेळ क्षम्य धरतां येईल. परंतु त्या मुलाच्या हातांतल्या खेकड्याला दाणा लागतो कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं पॅरिसचा वृत्तांत लागत नव्हता. बोट लावून पाहिलें असतें तरी पुरे होतें.

सेवानिवृत्तीनंतर एका वाचनालयांत मीं या ग्रंथीविषयीं प्रथम सविस्तर वाचलें, आणि त्या पिशवीची आठवण झाली. पुढच्या उन्हाळ्यांत मी त्या गांवीं गेलों. तो विद्यार्थी आतां पन्नाशीच्या पुढें गेला आहे. त्याची स्वतःची होडी आहे. ओटीवर बसून मीं त्याला सर्व सांगितलें : ती पिशवी कोणाची, नराचा पट्टा रुंद कसा झाला, आणि त्या दिवशीं त्याचें म्हणणें खरें व माझें खोटें कसें होतें. त्यानें तें शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाला, "गुरुजी, तसले खेकडे अजून जाळ्यांत येतात. बाजारांत कोणी घेत नाहीं." मीं म्हटलें, "पुन्हां आला तर माझ्यासाठीं एक ठेव." तो हंसला, आणि घरांत चहा सांगावयास गेला.

मी निघतांना त्याची नात दारांत उभी होती. ती त्याच शाळेंत जाते. तिनें मला विचारलें, "खेकड्याच्या अंगांत तेवढीशीच गांठ असते, तर ती त्या बाईंना दिसली कशी ?" मीं तिला सांगितलें कीं, त्या बाईंनीं सूक्ष्मदर्शकाखालीं पुष्कळ दिवस पाहिलें म्हणून दिसली. मग शाळेंत सूक्ष्मदर्शक आहे का, असें मीं तिला विचारलें. आहे, पण कपाटांत कुलपांत असतो, असें ती म्हणाली. ज्या श्रोत्यांच्या हातीं अशीं कुलपें आहेत, त्यांना माझी एवढीच विनंति आहे कीं, तीं त्यांनीं उघडावीं.